भांगाचे दिवस

सिंगापूरच्या बुकित तिमाहमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला सोबतीची वाण नाही. ब्युटी वर्ल्ड स्टेशनवर उतरायचं, रस्ता ओलांडून जंगलात शिरायचं आणि टेकडीचा 163 मीटर उंचीचा माथा गाठायचा, हा इथल्या कितीतरी घरांचा रविवारचा नेम आहे. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असो, नाटकाची तालीम असो, दिवाळीचा फराळ वाटून घेऊन करायचा असो, एक फोन केला की माणसं जमतात. मला मात्र काही वर्षांपूर्वी अशी सोबत हवी झाली, की या सगळ्या गोतावळ्यात तिला कुणी मिळेना. मला समुद्राच्या पोटात उतरायचं होतं आणि त्यासाठी जोडीदार पाहिजे होता.

स्कूबा डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र तुम्हाला 18 मीटर खोलीपर्यंत जायची मुभा देतं, पण जोडीदारासह. ही अट कुणाच्या हौसेखातर घातलेली नाही. 1943 मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग तयार केलं आणि माणूस पाठीवर हवा घेऊन मोकळेपणी पाण्यात पोहायला लागला. त्या यंत्राने वरच्या बोटीशी जोडणारी नळी काढून टाकली. तोवर पाणबुड्याचा जीव वरच्या माणसांच्या हातात असे. नळी गेली तशी ती माणसंही गेली. त्यांच्या जागी कुणीतरी हवंच होतं, ते शेजारी आलं. आपली हवा संपली तर शेजाऱ्याकडे तोंडात धरायचा एक जादा रेग्युलेटर असतो, त्याला ऑक्टोपस म्हणतात. तो सर्रास यायच्या आधी दोघं एकाच तोंडीतून आळीपाळीने श्वास घेत वर येत. तू दोन घे, मग मी दोन घेतो. भीतीने गळाठलेल्या माणसाने आपल्या तोंडातली हवा काढून दुसऱ्याला द्यायची, आणि ती परत मिळेल यावर विश्वास ठेवायचा. हे शिकवता येतं, यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

माझं आजोळ मालवणजवळ देवबागचं. समुद्रावर एकट्याने काही करायचं नसतं हे त्या किनाऱ्यावर वेगळं सांगावं लागत नाही. रापण ओढताना मी लहानपणी पाहिली आहे. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि मग त्याची दोन टोकं धरून किनाऱ्यावरच्या दोन रांगांनी ते ओढायचं. दोन्ही रांगांचा जोर सारखा पडला तरच मासळी आत राहते. ओढून झालं की वाळूवर वाटे पडतात. त्या जाळ्याला हात लावणाऱ्या माणसांचं एकमेकांशी पटतच असे असं नाही. बांधावरून भांडणं असत, कोर्टकज्जे असत, पण रापणीच्या दोरीवर ती माणसं एका तालात मागे सरत.

आता त्याच किनाऱ्यावर स्कूबाचा मोठा धंदा उभा राहिला आहे. तारकर्लीला 2015 मध्ये पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीत डोकं बुडवून येऊ लागली. मीही पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला तो तिथेच. एका स्थानिक मुलाने माझ्या टाकीची मान पकडून मला खाली नेलं, मासे दाखवले, वर आणलं. तो आनंद अस्सल होता आणि त्या मुलाचं कसबही. पण त्यात मी पाहुणी होते. माझ्या श्वासाची जबाबदारी सगळी त्याची, त्याच्या श्वासाची माझ्यावर काहीच नाही. जोडीदारी ही यापुढची गोष्ट. तिच्यात दोघांनाही दुसऱ्याचा भार घ्यावा लागतो.

सिंगापुरात शिकून प्रमाणपत्र मिळालं तेव्हा मी इथल्या बऱ्याच नवख्यांसारखीच मलेशियातल्या तिओमान बेटाला जायला लागले. मर्सिंगहून फेरी, निळं पाणी, शनिवार-रविवारचा बेत. एकटं गेलात तर बोटीवर तुम्हाला कुणाशी तरी जोडून देतात. नाव विचारायचं, टाकीत किती हवा आहे ते बघायचं, उडी मारायची. मला अशा जोड्यांमधून काही फार चांगली माणसं भेटली. आणि एकदा एक गृहस्थ असेही भेटले, की हातात मोठा कॅमेरा घेऊन पाण्यात शिरले ते एका समुद्री कासवामागे जे गेले ते गेलेच. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांचे फिन्स लांबवर हलताना मला दिसत होते. दिसतात म्हणजे ते माझ्याबरोबर आहेत, असा त्यांचा समज असावा. मला मात्र तेव्हा काही झालं असतं, तर मधलं ते सगळं सुंदर निळं अंतर मला एका श्वासात कापावं लागलं असतं. स्वच्छ पाण्यात माणसं सहज पांगतात.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्य मोसमी वारे तिओमानची दारं बंद करतात. आपल्याकडे मालवणला पावसाळ्यात जे होतं तेच तिथे हिवाळ्यात. तेव्हा उरतो तो सिंगापूरचा आपला समुद्र, ज्याच्याकडे इथले बहुतेक डायव्हर पाठ फिरवून उभे असतात. दक्षिणेला पुलाउ हंतू, सिस्टर्स आयलंड्स, 1855 चं रॅफल्स दीपगृह असलेलं पुलाउ सातुमू. समोर बुकोम बेटावरच्या तेलशुद्धीकरणाच्या टाक्या, मागे मालवाहू जहाजांची अखंड रांग. पाण्यात हात पुढे केला की बोटं अंधुक व्हावीत, असे दिवस इथे पुष्कळ. दोन-तीन मीटर दिसलं तर वर आल्यावर लोक खूष असतात. समुद्रात भराव टाकून या देशाने आपली जमीन वाढवली, त्यात निम्म्याहून जास्त प्रवाळ गाडलं गेलं, आणि उरलेल्यावर गाळाचं सावट राहिलं. उजेड खाली पोचत नाही म्हणून प्रवाळ वरच्या काही मीटरांतच दाटीवाटीने राहतं. तरीही या पाण्यात कठीण प्रवाळाच्या सुमारे 250 जातींची नोंद आहे. एवढ्याशा देशाच्या, एवढ्या राबत्या बंदराच्या पाण्यात! हे मला कळलं तेव्हा मी ठरवलं, की जिथे राहते तिथला समुद्र मला ओळखीचा झाला पाहिजे.

हंतूच्या बोटीवरच मला आंटी भेटल्या. इथे वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आंटी म्हणायची रीत आहे. या आंटी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी आम्हाला योगायोगाने जोडीला टाकलं. परतताना केपेल बेच्या धक्क्यावर कळलं, की त्या तोह यीच्या सरकारी इमारतींमध्ये राहतात, म्हणजे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ओल्या पिशव्या एका टॅक्सीत घालून आम्ही बुकित तिमाहला आलो आणि ब्युटी वर्ल्डच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या खाऊगल्लीत त्यांनी मला कोपी पाजली. 'पुढच्या वेळी कधी?' असं त्यांनी विचारलं नाही. 'तुझा डावा फिन सैल आहे, पट्टा बदल,' एवढंच म्हणाल्या. इथले डायव्हर अशा नेहमीच्या सोबत्याला मलय शब्द वापरून 'काकी' म्हणतात. त्या संध्याकाळी मला माझी काकी मिळाली, असं मी घरी सांगितलं तेव्हा आईला फोनवर बराच वेळ नातं लागेना.

शेजारची जोडीदार असण्याचे फायदे मला हळूहळू कळत गेले आणि त्यातले बहुतेक पाण्याबाहेरचे आहेत. सर्दी झालेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नसतं, कारण कानातला दाब समान करता येत नाही आणि पडदा फाटू शकतो. परगावच्या सहलीचे पैसे भरलेले असले की माणूस सर्दी लपवतो. आंटी मला आदल्या दिवशी रेल कॉरिडॉरवर फिरताना भेटतात आणि माझा आवाज ऐकून सांगतात, 'उद्या नको.' मीही त्यांना तसं सांगते. जुन्या मलायी रेल्वेची ती वाट, 2011 मध्ये गाड्या बंद झाल्यावर चालण्यासाठी मोकळी झालेली, आमच्या कितीतरी बेतांची जागा आहे. तिथे चालता चालता त्या मला हातांच्या खुणांची उजळणी करायला लावतात. अर्धी टाकी, कान दुखतोय, थांब, वर चल, हवा संपली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन बायका मुक्याने भांडताहेत असं वाटत असेल.

उडी मारण्याआधीची तपासणी प्रत्येक जोडी करते. पुस्तकात तिचा क्रम दिलेला आहे. आंटी ती कशी करतात हे मी नेहमी बघत राहते. आधी जॅकेटात हवा भरून काढून बघतात. मग माझ्या कमरेच्या वजनांवर हात ठेवून डोळे मिटतात आणि सोडायची कळ चाचपून शोधतात, कारण गढूळ पाण्यात ती त्यांना नजरेने सापडणार नाही. मग पट्टे, एकेक ओढून. मग हवा. त्या मला रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला लावतात, सलग तीन-चार, आणि माझ्याकडे न बघता दाबमापकाच्या काट्याकडे बघतात. काटा 200 वर आहे एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. टाकीची चावी अर्धवटच उघडलेली असेल तर स्थिर असताना काटा बरोबर दाखवतो, पण श्वास घेतला की क्षणभर खाली झुकतो. खोल गेल्यावर, जिथे प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, तिथे ती चूक जिवावर बेतू शकते. काटा हलला नाही की आंटी मान डोलावतात. मग त्यांची पाळी संपते आणि माझी सुरू होते. पहिल्या काही वेळा त्यांची तपासणी करताना मला संकोच वाटे. इतक्या अनुभवी बाईचे पट्टे मी काय ओढून बघायचे? त्या म्हणाल्या, 'तू नीट बघितलं नाहीस तर मी एकटीच उतरतेय असं समजेन.' तेव्हापासून मी ओढून बघते.

दिवस ठरवायची आमची पद्धत मला मनापासून आवडते. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीची ओढ जबर असते. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ती माणसाला उचलून नेऊ शकते आणि तळाचा गाळही ढवळते. भांगाला, म्हणजे अष्टमीनंतरच्या दिवसांत, पाणी नरम असतं. हे मला देवबागच्या आजोबांमुळे माहीत. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, आंटींच्या दारामागे चिनी पंचांगाची रोज एक पान फाडायची वही आहे. त्यांच्या महिन्याची सुरुवात अमावस्येपासून होते, म्हणून त्यांचे आठवा आणि तेविसावा हे दिवस आमच्या शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या आगेमागे पडतात. मी अष्टमी सांगते, त्या आठवा सांगतात, आणि मग आम्ही भरतीचं छापील कोष्टक काढून तास ठरवतो. कोष्टक आधीच काढलं असतं तरी चाललं असतं, हे दोघींना माहीत आहे. पण माझ्या आजोबांना कळत होतं ते त्यांच्या आजीलाही कळत होतं, आणि ते एकमेकींना दाखवायला आम्हाला आवडतं.

एका बाबतीत मात्र आमची पंचांगं समोरासमोर उभी राहिली. चिनी वर्षाचा सातवा महिना हा भुतांचा महिना. पितर आणि अतृप्त आत्मे त्या काळात पृथ्वीवर फिरतात, रस्त्याकडेला त्यांच्यासाठी अगरबत्त्या आणि कागदी नोटा जाळतात, आणि जुन्या वळणाची माणसं त्या महिन्यात पाण्यात उतरत नाहीत. बुडालेले आत्मे आपल्या जागी दुसऱ्याला ओढतात अशी समजूत आहे. त्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे त्याचा ऐन मध्य. आता बहुतेक वर्षी हीच आपली नारळी पौर्णिमा असते. 2023 मध्ये दोन्ही 30 ऑगस्टला आल्या. ज्या दिवशी माझ्या किनाऱ्यावर दर्याला नारळ वाहून 'आता जाऊ दे' म्हणतात, त्याच दिवशी आंटींच्या घरात 'पाण्याकडे जाऊ नका' म्हणतात. त्यातून आमचं नेहमीचं ठिकाण पुलाउ हंतू, म्हणजे मलयमध्ये भुताचंच बेट. आंटी चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई आहेत. त्या भुतांना मानतात का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांची आई त्या महिन्यात त्यांना पाण्यात जाऊ देत नसे, एवढं त्यांनी सांगितलं, आणि मला तेवढं पुरेसं आहे. त्या महिन्यात मीही उतरत नाही. दुसरी जोडीदार शोधून जाता येईल, पण मग त्या वर बसून काळजी करतील.

हंतूच्या पाण्यात आम्ही हाताच्या अंतरावर पोहतो. दुसरा इलाजच नाही. दिवसाउजेडीही टॉर्च लागतो. त्याचं वर्तुळ फिरवलं की 'ठीक', आडवं हलवलं की 'इकडे बघ'. इतक्या कमी दिसणाऱ्या पाण्यात माणूस मोठं काही शोधतच नाही. आंटी एकदा एका मातकट प्रवाळाजवळ इतका वेळ थांबल्या की मला वाटलं त्यांना त्रास होतोय. त्यांनी धातूच्या कांडीने इशारा केला. नखाएवढी, शिंपला नसलेली एक समुद्री गोगलगाय, पाठीवर झालरीसारखे कल्ले, आपलं अंड्यांचं पांढरं वेटोळं घालत होती. ते वेटोळं आतून बाहेर, एकेक पदर वाढत होतं. आम्ही दोघी मास्कला मास्क लावून ते बघत राहिलो. दोन्ही काटे मधूनमधून तपासत होतो, कारण नियम असा की ज्याची हवा आधी कमी होते त्याच्या हिशेबाने दोघांनी वर यायचं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि हवाही दुप्पट लागते. आंटींचा श्वास शांत, लांब. माझा तितका नाही. त्यामुळे गोगलगाय अर्ध्यावर सोडून निघावं लागतं ते नेहमी माझ्यामुळे. त्यांनी ते कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून रक्तातला नायट्रोजन निघू द्यायचा असतो. त्या वेळात त्या माझ्याकडे बघून फक्त श्वास लांब कर अशी खूण करतात.

एकदा गाळाचा लोट आला आणि टॉर्चचा उजेड पिवळ्या भिंतीवर पडल्यासारखा झाला. आंटी दिसेनात. अशा वेळी करायचं ते ठरलेलं असतं: एक मिनिट जागीच फिरून बघायचं, वर बुडबुडे शोधायचे, आणि नाही दिसलं तर वर यायचं. शोधत सुटायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण आपलं माणूस खाली असेल या कल्पनेने पाय वर जायला तयार होत नाहीत. मी वर आले ते केवळ यासाठी, की त्याही वर येताहेत याची मला खात्री होती. माझं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा त्यांचंही येत होतं. कासवामागे गेलेल्या त्या गृहस्थांबरोबर असते तर मी खाली थांबून राहिले असते, आणि धोका तिथेच होता. नियम सगळ्यांनाच पाठ असतात. पलीकडचा तो पाळेल ही खात्री वर्षभर शेजारी राहून, एकाच समुद्रात पुन्हा पुन्हा उतरून येते. म्हणून मला वाटतं, की दूरच्या नामांकित पाण्यातल्या कुशल जोडीदारापेक्षा घराजवळच्या गढूळ पाण्यातली नेहमीची जोडीदार डायव्हरला जास्त गरजेची आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती आधी शोधावी, सहलींचं मग बघावं.

या समुद्राची राखणही इथेच पुन्हा पुन्हा उतरणाऱ्या माणसांनी केली आहे. नेपच्यून्स कप नावाचा पेल्याच्या आकाराचा एक प्रचंड स्पंज 1820 च्या दशकात सिंगापूरच्या पाण्यातूनच जगाला कळला. संग्रहालयांसाठी तो इतका उपसला गेला, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर तो जगातून नाहीसा झाला असं मानत. 2011 मध्ये इथेच तळाची पाहणी करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना तो पुन्हा सापडला. नंतर आणखी काही सापडले, पण एकमेकांपासून लांब, आणि जागचे न हलणारे जीव इतके दूर राहिले तर त्यांची संतती होणं कठीण. म्हणून संशोधकांनी त्यातले काही सिस्टर्स आयलंड्सच्या सागरी उद्यानात जवळजवळ आणून लावले. 2024 च्या डिसेंबरपासून एक लाख प्रवाळ लावायचं कामही या देशाने हाती घेतलं आहे, निदान दहा वर्षांचं. ते स्पंज शेजारी नेऊन लावल्याची बातमी आंटींनीच मला पहिल्यांदा सांगितली, त्यांच्या मानाने फार मोठं वाक्य होतं ते.

गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमात कोल्हापूरची एक मुलगी भेटली. नोकरीसाठी नवी आलेली, तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेली, इथे येऊन प्रमाणपत्र घेतलेली. 'ताई, तुमच्याबरोबर येऊ का?' म्हणाली. मला कोण आनंद झाला! आंटींना सांगितलं तर त्या गप्प झाल्या, आणि मग त्यांनी हिशेब मांडला. दोन मीटर दिसणाऱ्या पाण्यात तिघांची जोडी होत नाही. मधल्याला दोन्हीकडे बघावं लागतं आणि कडेचा एक नेहमी सुटतो. नवखीला सगळ्यात शांत श्वासाची जोडीदार पाहिजे, म्हणजे वर यायचं कधी ते फक्त तिच्या काट्याने ठरेल. तेव्हा पहिल्या वेळी मुलगी आणि त्या उतरतील. वद्य अष्टमीनंतरचा शनिवार ठरला आहे. मी बोटीवर थांबून दोघींची वेळ वहीत लिहिणार आहे, आणि त्याआधी, रेल कॉरिडॉरवर चालताना, तिच्याकडून काट्याची ती गोष्ट तीनदा म्हणून घेणार आहे.